तीन तिघाडा

“तीस गेजची वायंडिंग वायर हवी होती. दोन मीटर.”

तपकीर गल्लीतल्या दुकानदारांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. “किलोवर मिळते.”

“मला दोनच मीटर पुरे.”

“पंखा आहे का मिक्सर?”

“गाडी आहे.”

“कुठली?”

“विलिस. एक्केचाळीसची.” एवढं बोलून बसल्यावर माघार घेण्यात अर्थ नव्हता, म्हणून तळहात पुढे करून गाडी केवढी तेही दाखवलं.

त्यांनी आधी तळहाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. संपत आलेल्या एका रिळावरून कोपर ते अंगठा असे चार-पाच वेढे घेतले आणि तार तोडून माझ्या हातात दिली. किती झाले विचारलं तर म्हणाले, “राहू द्या. रिटायर झालात वाटतं?”

“दोन वर्षं झाली.”

“वाटलंच.”

ती तार स्पार्क प्लगच्या केबलींसाठी होती. शर्यतीच्या गाडीतली प्लगची केबल आठ मिलिमीटर जाडीची असते. माझी गाडी म्हणजे १/२५ मापाचं प्लॅस्टिकचं मॉडेल. आठ भागिले पंचवीस म्हणजे ०.३२. तीस गेजची तार भरते ०.३१५. पाच मायक्रॉनचा फरक. नोकरीत असतो तर त्यावर एक मीटिंग झाली असती.

नोकरी म्हणजे ३४ वर्षं इन्स्पेक्शन. भोसरीतली कंपनी, सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे सुटे भाग. सकाळी सहा वाजता स्वारगेटला कंपनीची बस, संध्याकाळी परत सहकारनगर, मधल्या वेळात टेबलावर येईल तो नग मोजायचा. पास झाला की हिरवं लेबल, थांबवला की पिवळं, रिजेक्ट असेल तर लाल. लाखो नग या हातांखालून गेले, पण एवढ्या वर्षांत एकही अख्खी गाडी तयार होताना मी पाहिली नाही. गाड्या आकुर्डीत, पिंपरीत, चाकणमध्ये जुळायच्या. आमच्याकडून जायचे ते बॉल जॉइंट.

निवृत्तीनंतर पहिल्या पावसाळ्यात मिशिगनचा भाचा आला. मिशिगन म्हणजे अमेरिकेतलं मोटारींचं माहेर. तिथे भाचा नाही असं मोटारधंद्यातलं पुण्याचं घर शोधावं लागेल. येताना त्याच्या बॅगेत मामासाठी एक खोकं होतं आणि जाताना त्याच जागेवर बाकरवडी बसली. खोक्यात १९४१ च्या विलिस कूपचे प्लॅस्टिकचे तुकडे होते. “मामा, तुम्हाला मोजायला आवडतं ना? मग हे जोडून बघा.” तो थट्टेत म्हणाला की काळजीनं, ते मला अजून कळलेलं नाही. दिवसातून तीनदा मी गॅसच्या शेगडीची पातळी तपासतो, हे त्याच्या मामीनं त्याला फोनवर सांगितलं होतं खरं.

विलिस म्हटलं की आपल्याला आठवते जीप. महिंद्रांनी इथे जोडून विकलेली जीप त्याच कंपनीची. पण युद्धाच्या आधी विलिस-ओव्हरलँड साध्या, स्वस्त मोटारीही काढायची. छोट्या, हलक्या, साठेक हॉर्सपॉवरच्या चार सिलिंडरच्या इंजिनवर रडतखडत चालणाऱ्या. १९४२ मध्ये त्या बंद झाल्या आणि कारखाना जीपमध्ये गुंतला. पुढे पंधरा-वीस वर्षांत अमेरिकेतल्या भंगारवाल्यांकडे या गाड्या मातीमोलानं मिळायला लागल्या आणि गॅरेजमधल्या पोरांच्या डोळ्यांत भरल्या. कारण एकच, गाडी हलकी. हलक्या गाडीत राक्षसासारखं इंजिन कोंबायचं आणि पाव मैल सुसाट सोडायची. पाव मैल म्हणजे १३२० फूट, आपल्या हिशेबात ४०२ मीटर. वळण नाही, ब्रेकची चिंता शेवटी. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या आणि आधी कोण पोचतं ते पाहायचं. तीच ड्रॅग रेस. १९५१ मध्ये वॉली पार्क्स नावाच्या माणसानं या पोरांना रस्त्यावरून उचलून मैदानावर आणण्यासाठी एनएचआरए ही संस्था काढली, नियम केले, वर्ग पाडले. त्यातल्या एका वर्गाचं नाव होतं ‘गॅस’. आपल्या रिक्षावाल्यांचा गॅस नव्हे. गॅस म्हणजे गॅसोलिन, साधं पेट्रोल, नायट्रोमिथेन वगैरे काही न मिसळलेलं. म्हणून या गाड्या ‘गॅसर’.

गॅसर ओळखायला सोपी. तिचं नाक वर असतं. पुढचं नाजूक स्वतंत्र सस्पेन्शन काढून टाकायचं आणि तिथे कमानपाट्यांवर एक सरळ आडवा अ‍ॅक्सल टाकायचा, बैलगाडीच्या कण्यासारखा. त्यानं गाडी पुढून उचलली जाते. सुटताना सगळा भार मागे ढकलला जावा आणि मागच्या टायरांना पकड मिळावी, हा त्यामागचा विचार. त्या काळचे टायर अरुंद होते, पकडीला कमी, म्हणून हा उपद्व्याप. साठच्या दशकाच्या मध्यात अशा गाड्या पाव मैल दहा सेकंदांच्या आतबाहेर कापत होत्या.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मी खोकं उघडलं, सूचनेप्रमाणे क्रमांक एकचा तुकडा क्रमांक दोनला लावला आणि तीन आठवड्यांत ती विलिस जोडून टाकली. नीटनेटकी झाली. हिरवं लेबल लावावं अशी. कपाटावर ठेवली आणि आठवड्याभरात माझं तिच्याकडे लक्ष जाईनासं झालं.

मग रात्री कधीतरी जुन्या गॅसर गाड्यांचे फोटो पाहत बसलो आणि डोळा इन्स्पेक्टरचा असल्यामुळे एक गोष्ट खटकली. यातली एकही गाडी एका कंपनीची नव्हती. बॉडी विलिसची, इंजिन क्रायस्लरचं नाहीतर ओल्ड्समोबिलचं, पुढचा अ‍ॅक्सल कुठल्या तरी व्हॅनचा, आणि इंजिनच्या डोक्यावर बसलेला तो डबा, इंजिनात हवा कोंबणारा ब्लोअर, तो तर बसच्या डिझेल इंजिनचा. म्हणजे मुळात ही गाडीच गोळा केलेली. सूचनापत्रक नसलेली. तिचं मॉडेल एकाच खोक्यातून, छापील क्रमानं जोडणं हे रांगोळीच्या स्टिकरसारखं झालं. आठ दिवसांत ती डोळ्यांआड का झाली, ते मला त्या रात्री समजलं.

भाच्याला फोन केला. तो राहतो ट्रॉय गावात, आणि एएमटी ही मॉडेलची जुनी कंपनी त्याच गावची, त्यामुळे आपण यातले जाणकार आहोत असा त्याचा समज आहे. म्हटलं, दुसरी विलिस पाठव. शिवाय हेमी, म्हणजे क्रायस्लरचं अर्धगोल डोक्यांचं इंजिन असलेली कुठलीही डॉज किंवा प्लिमथ. शिवाय सरळ अ‍ॅक्सल, ब्लोअर आणि मागचे गुळगुळीत टायर असलेली एखादी शर्यतीची गाडी.

“तीन किट? मामा, एका गाडीसाठी?”

हिनं मागून ऐकलं होतं. “तीन तिघाडा, काम बिघाडा,” ती म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. नाव तिथेच ठरलं.

तीन खोकी आली आणि पहिला घोळ मापाचा निघाला. विलिस आणि डॉज १/२५, पण तिसरं किट १/२४. हा घोळ जुना आहे. फुटाला अर्धा इंच धरला की १/२४ होतं, इंच-फुटांत विचार करणाऱ्याला ते सोयीचं. पण डेट्रॉइटच्या कंपन्या विक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करून घ्यायच्या, त्या १/२५ च्या. एएमटीचा जम त्यावर बसला आणि तिची किटंही त्याच मापात निघाली. दोन्ही मापं तेव्हापासून शेजारी शेजारी नांदत आहेत. फरक चार टक्क्यांचा. ऐकायला किरकोळ. पण छप्पन इंच रुंदीचा अ‍ॅक्सल एका मापात ५९.३ मिलिमीटर येतो आणि दुसऱ्यात ५६.९. २.४ मिलिमीटर जास्त म्हणजे चाकं मडगार्डच्या बाहेर. कापणं आलं.

मापाच्या या गोंधळाची मला लाज वाटायला हवी होती, पण आठवला तो दिवाळीतला किल्ला. आमच्या वाड्यात सगळ्या पोरांचा मिळून एक किल्ला असायचा. पोत्यावर माती, अळीव पेरलेले, आणि दरवर्षी कुंभारवाड्यातून आणलेली चित्रं. त्यात महाराजांचं सिंहासन बुरुजाहून मोठं, मावळा दरवाजात न मावणारा, आणि तळ्याकाठचा वाघ असा की त्यानं एका घासात तटबंदी खावी. शिवाय कुणीतरी प्लॅस्टिकचा रणगाडा आणून ठेवायचाच. कुणालाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. महाराज मोठे असायलाच हवेत. मी इंजिनाकडे पुन्हा पाहिलं. तिसऱ्या किटमधला ब्लोअर चार टक्के मोठा होता, आणि गॅसरमध्ये डोळा आधी जातो तो ब्लोअरवरच. तो तसाच ठेवला. अ‍ॅक्सल मात्र कापला, दोन्ही बाजूंनी १.२ मिलिमीटर.

कापणं हा या छंदातला खरा उंबरठा आहे. जोडणं कुणालाही जमतं. चांगल्या, नव्या, पैसे मोजून आणलेल्या वस्तूला करवत लावायची म्हणजे पोटात गोळा येतो. माझी रेझर सॉ दहा मिनिटं नुसती हवेत होती. मग विलिसच्या चासीचं, म्हणजे खालच्या सांगाड्याचं, पुढचं टोक कापून काढलं, तिसऱ्या किटच्या चासीचे कमानपाट्यांसकट दोन दांडे कापून घेतले आणि आतून प्लॅस्टिकच्या पट्टीचा आधार देऊन सांधले. इथे गोंद म्हणजे चिकटवणारा पदार्थ नव्हे. ते पातळ सिमेंट पॉलिस्टायरीनला विरघळवतं. दोन्ही कडा ओल्या होऊन एकमेकींत मिसळतात, द्राव उडून जातो आणि मागे सांधा राहतो, वेल्डिंगसारखा. नीट केला तर दुसरीकडे तुटेल, तिथे तुटणार नाही. तीन कंपन्यांचं प्लॅस्टिक, तीन रंगांचं, पण रसायन एकच, त्यामुळे एकजीव होतं. खऱ्या गॅरेजवाल्यांना एवढं सोपं नव्हतं.

क्रोमचं मात्र तसं नाही. किटमधले चकचकीत भाग हे मुलामा दिलेले असतात आणि त्यावर सिमेंट धरतच नाही, कारण विरघळायला त्याला प्लॅस्टिक भेटत नाही. मुलामा काढायचा तर कपड्यांचं पांढरं ब्लीच. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात व्हॉल्व्ह कव्हर, बंपर, चाकांच्या तबकड्या बुडवून झाकण लावलं. तासाभरानं पाहतो तर सगळं भिजवलेल्या वालांसारखं फिकट पडलेलं. डब्यावर ‘खाऊ नये’ असं लिहून ठेवायला हवं होतं. हिनं झाकण उघडून वास घेतल्यावर लिहिलं.

त्या ब्लोअरबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ त्यानं खाल्ला. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रूट्स नावाचे दोन भाऊ होते. १८६० मध्ये त्यांनी हवा ढकलणाऱ्या एका यंत्राचं पेटंट घेतलं. पेटीत दोन फिरक्या, एकमेकींना न शिवता फिरणाऱ्या. पुढे ते भट्ट्यांना हवा पुरवायला वापरलं गेलं. त्यानंतर अनेक वर्षांनी जनरल मोटर्सनं टू-स्ट्रोक डिझेल इंजिनं काढली. टू-स्ट्रोक डिझेलला स्वतःहून हवा ओढता येत नाही, ती बाहेरून भरावी लागते, म्हणून त्यावर रूट्सचा ब्लोअर बसवला. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच, म्हणून नाव ६-७१. ही इंजिनं ट्रकांत गेली, बसमध्ये गेली, युद्धात नौकांवरही गेली. आणि ती मोडीत निघाली तेव्हा गॅरेजच्या पोरांनी त्यावरचा ब्लोअर उचलला आणि पेट्रोलच्या इंजिनवर पट्ट्यानं फिरवला. लोखंड वितळवणाऱ्या भट्टीची फुंकणी बसमार्गे शर्यतीत आली. नाना पेठेतल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला हे सांगितलं तर तो म्हणेल, मग काय झालं? बसतोय ना?

बसतोय ना, हा प्रश्न मी नोकरीत कधी विचारला नाही. ड्रॉइंगप्रमाणे आहे का, एवढाच विचारला. एकदा, १९९८-९९ च्या सुमारास, भोसरीतल्याच एका लहान वर्कशॉपमधून दोनशे बुश, म्हणजे मधोमध भोक असलेल्या छोट्या नळ्या, आले होते. दोन लेथ, चार कामगार, मालक स्वतः मशिनवर उभा राहणारा. बुशचं भोक तपासायला आमच्याकडे प्लग गेज. एका टोकाला गो, दुसऱ्याला नो-गो. गो आत जायला हवं, नो-गो जायला नको. माझं नो-गो टोक एकामागून एक बुशमध्ये गुळगुळीत शिरत गेलं. भोक मोठं, माल बाद. मालक स्कूटरवरून आला, माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, माझ्याकडं बरोबर लागतंय. एकदा दुसऱ्या गेजनं बघा की.” मी म्हणालो, आमचं गेज कॅलिब्रेट केलेलं असतं. दोनशे लाल लेबलं लावली. तो माल टेम्पोत भरून घेऊन गेला.

दीड महिन्यानं गेज कॅलिब्रेशनला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या तपासणीला, गेलं आणि परत आलं ते लाल लेबल लावून. नो-गो टोक झिजलं होतं. झिजलेलं नो-गो चांगल्या भोकातही शिरतं. त्याचे बुश बरोबर होते. मी नियमाप्रमाणे नवं गेज मागवलं, नोंद केली, आणि त्याला फोन केला नाही. उद्या करू म्हणत राहिलो. पुढच्या वर्षी त्या शेडला दुसऱ्याच कुणाची पाटी होती. माझ्या दोनशे बुशांमुळे पाटी बदलली असं नाही, असं मी स्वतःला सांगतो. मोजून पाहायला काही उपाय नाही.

असो. हेमी इंजिनाकडे येतो. ४२६ घनइंचांचं हेमी १९६४ मध्ये आलं आणि त्याच वर्षी डेटोनाच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत पहिल्या तिन्ही जागा या इंजिनाच्या गाड्यांनी घेतल्या. सात लिटरचं धूड. अर्धगोल डोक्यांमुळे स्पार्क प्लग मधोमध येतो आणि त्याची केबल व्हॉल्व्ह कव्हरच्या आरपार आत जाते. मॉडेल करणाऱ्याला यासारखं सुख नाही, कारण कव्हरवर चार-चार भोकं पाडली की अर्धं काम झालं. सर्किट बोर्डाला भोकं पाडायचा केसासारखा ड्रिल पिन व्हाइसमध्ये धरायचा आणि दोन बोटांत चिमटीनं फिरवायचा. जोर लावलात तर मोडला. मी तीन मोडले. समोरच्या बिल्डिंगमधल्या डेंटिस्टीणबाईंनी त्यांची जुनी, बोथट झालेली हत्यारं दिली होती. त्यातल्या वाकड्या टोकाच्या सुईनं आधी खूण दाबून घेतली तर ड्रिल घसरत नाही, हे चौथ्या ड्रिलला कळलं.

मग तारा. आठ तुकडे, प्रत्येक वेगळ्या लांबीचा. ठिणगीची वीज पुरवणाऱ्या मॅग्नेटोच्या टोपीवर आठ छिद्रं आणि तिथून प्रत्येक तार आपापल्या सिलिंडरकडे. या इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. डावीकडे विषम, उजवीकडे सम. टोपीवरच्या पहिल्या छिद्रातून पहिल्या सिलिंडरला, शेजारच्या छिद्रातून आठव्याला, असं करत जायचं. गोंदाच्या थेंबात तारेचं टोक बुडवायचं, श्वास धरायचा, भोकात सोडायचं, मनात वीस मोजायचे. संध्याकाळी सातला बसलो तो साडेअकराला उठलो. शेवटची तार बसल्यावर लक्षात आलं की तीन आणि सहा उलटसुलट झाल्या आहेत. दोन तारा कव्हरच्या मागून, ब्लोअरखाली जाणाऱ्या. हातात धरून, भिंग लावून पाहिलं तरी कुणाला दिसणार नाहीत. हे इंजिन कधी पेटणारही नाही. मी दोन्ही उपटल्या आणि पुन्हा लावल्या. पाऊण तास गेला. हिला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “बरं झालं. नाहीतर रात्री उठला असतात.”

रंगाचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझा मूर्खपणाच आहे. मी जुलैत रंगवायला घेतली. पुण्यातला जुलै, गॅलरीत ओले कपडे, भिंतीला हात लावला तर ओल. लॅकरचा स्प्रे मारला, सुरेख बसला, पाच मिनिटांत गाडीवर पिठी पसरल्यासारखी पांढरट झाक आली. द्राव झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि ओल्या रंगात अडकतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी त्यावर दुसरा हात मारला. तोही पांढरा. मग सहाशेचा वॉटर पेपर घेऊन सगळं घासून काढलं आणि गाडी खोक्यात ठेवली, ती दसऱ्यानंतर ऑक्टोबरच्या उन्हात बाहेर काढली. एका दुपारी तीन हात झाले. रंग निवडला फिकट आकाशी, आमच्या पहिल्या स्कूटरचा. अमेरिकेत कुणी गॅसर या रंगाची केली असेल का माहीत नाही. स्कूटरच्या मागे मात्र अर्धं सहकारनगर बसलं आहे.

पुढची काच वाया गेली. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसली की ते धुरकट होतं, आणि मी काच लावल्यावर आत आरसा चिकटवायला गेलो. पण विलिसची काच दोन सपाट तुकड्यांची, मध्ये पट्टी. लक्ष्मी रोडवर घेतलेल्या शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण होतं, त्यातून दोन तुकडे कापले. किटच्या काचेपेक्षा पातळ आणि म्हणून मापाला जास्त बरोबर.

राहिलं नाव. या गाड्यांच्या दारांवर नाव रंगवलेलं असायचं, मोठ्या वळणदार अक्षरांत, जसं आपल्याकडे ट्रकच्या कपाळावर असतं. दाराची रुंदी तीन सेंटिमीटर. हातानं रंगवायची माझी टाप नाही. पाण्यात भिजवून सरकवायच्या डेकलचा कागद मिळतो, त्यावर लेझर प्रिंटरनं छापायचं. इंकजेटची शाई पाण्यात पसरते. अप्पा बळवंत चौकातल्या एका झेरॉक्सवाल्याकडे गेलो.

“हा कागद मशिनमध्ये अडकला तर?”

“नाही अडकणार.”

“अडकला तर ड्रमचे पैसे तुम्ही देणार का?”

“देईन.”

“मग लिहून द्या.”

मी लिहून दिलं. ३४ वर्षं सह्याच केल्या आहेत. त्यानं तो कागद गल्ल्यात ठेवला आणि मग बटण दाबलं. चार मिलिमीटर उंचीचे, काळे, टपोरे देवनागरी ‘तीन तिघाडा’ बाहेर आले, एका पानावर बारा वेळा. तो पान उजेडात धरून म्हणाला, “काका, हे टेम्पोला फार बारीक होईल.”

गेल्या रविवारी चाकं लावली आणि गाडी जेवणाच्या टेबलावरच्या काचेवर ठेवली. शेजारचा पाचवीतला मुलगा आला होता. त्यानं विचारलं, चालते का. नाही म्हटल्यावर त्याचा रस तिथेच संपला, पण जाताना दोन्ही हात पाठीमागे बांधून तो एकदा वाकून पाहून गेला. लहान मुलं हात पाठीमागे बांधतात तेव्हा वस्तू बरी झालेली असते.

तो गेल्यावर दिसलं की पुढचं डावं चाक काचेला टेकत नाही.

तीन किटांच्या चासीत हे व्हायचंच. मागचा भाग एकाचा, पुढचा दुसऱ्याचा, सांधा माझा. कपाटातून फीलर गेज काढलं, फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा. ०.३५ मिलिमीटरची पात चाकाखालून सहज गेली. ०.४० ची घासून गेली. ०.४५ ची गेली नाही. म्हणजे ०.४०. खऱ्या गाडीत पंचवीस पट, एक सेंटिमीटर. गॅसर सुटते तेव्हा इंजिनाचा पीळ चासीला बसतो आणि पुढचं डावं चाकच आधी आणि जास्त उचललं जातं, फोटोंत पाहिलं होतं. म्हणजे सबब तयार होती, तीही चांगली. हिला बोलावून दाखवलं तर तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, “छान दिसतंय की. निघाल्यासारखी.”

कंपनीत अशा नगासाठी डेव्हिएशन नावाचा कागद असायचा. माप चुकलं आहे, पण चालेल, असं कुणीतरी वरच्यानं लिहून द्यायचं. मी कधीच वरचा नव्हतो.

सही करण्याआधी गाडी उचलली आणि त्याच जागेवर काटकोनात वळवून ठेवली. फट काचेची असेल तर ती त्याच चाकाखाली राहणार नाही. गाडीची असेल तर गाडीबरोबर फिरेल. पुन्हा पात घातली. मागची दोन्ही चाकं घट्ट. पुढचं डावं, ०.४०. मग फीलर गेजची ती पात मायक्रोमीटरमध्ये धरून मोजली. ०.४० भरली.

छंदाची एक वही आहे, दोनशे पानी. त्यात तारीख घातली आणि लिहिलं: पुढचे डावे चाक ०.४० वर. काच तपासली. गेज तपासले.